डाइक टीव्ही: एक कॅसेट, एक सही

न्यूयॉर्कमध्ये केबल कंपन्यांनी तारा टाकल्या त्या शहराच्या रस्त्यांखालून. त्या बदल्यात शहराने परवान्यात अट घातली, की काही वाहिन्या सामान्य नागरिकांसाठी मोकळ्या ठेवायच्या. मॅनहॅटनमध्ये १९७१ साली अशा वाहिन्या सुरू झाल्या. तिथे जाहिराती नव्हत्या, आणि मजकुरात कंपनीने ढवळाढवळ करायची नाही असा दंडक होता. हौशी गायकांपासून धर्मोपदेशकांपर्यंत सगळ्यांनी या सोयीचा फायदा घेतला.

जून १९९३ मध्ये याच सोयीतून ‘डाइक टीव्ही’ हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम उभा राहिला. चित्रपटकार मेरी पॅटिएर्नो, क्यूबात जन्मलेल्या नाटककार आना मारिया सिमो आणि रंगभूमीवरच्या लिंडा चॅपमन या तिघी त्याच्या संस्थापक. ‘डाइक’ ही लेस्बियन स्त्रियांना हासडली जाणारी शिवी. तीच त्यांनी पाटीवर रंगवली. सिमो आदल्या वर्षी स्थापन झालेल्या ‘लेस्बियन अव्हेंजर्स’ या आंदोलक गटाच्याही संस्थापकांपैकी, त्यामुळे कार्यक्रमाला रस्त्यावरच्या मोर्चाचा सूर होता.

मोठ्या वाहिन्यांवर तेव्हा काय होते? ‘एल. ए. लॉ’ मालिकेत १९९१ साली दोन स्त्रियांचे एक चुंबन दिसले, त्याचाच केवढा गाजावाजा. डाइक टीव्हीवर मात्र बातम्या, आरोग्य, खेळ, कला असा रोजच्या जगण्याचा ऐवज असे. त्यातले एक सदर फार बोलके होते: एखादी स्त्री आपले लहानपण सांगे आणि पडद्यावर तिचेच बालपणीचे फोटो येत. घरच्या अल्बममधली ती मुलगी कोणाच्याही नात्यातली वाटावी अशीच. भाषणांपेक्षा हे जास्त परिणामकारक होते.

इतर गावांतल्या अशाच मोकळ्या वाहिन्यांवर कार्यक्रम पोचे तो टपालाने गेलेल्या कॅसेटमधून. पण बाहेरगावची कॅसेट दाखवायची तर स्थानिक रहिवाशाने ती स्वतःच्या नावावर सादर करावी, असा या वाहिन्या चालवणाऱ्या बहुतेक केंद्रांचा नियम होता. छोट्या गावात ‘डाइक’ लिहिलेली कॅसेट काउंटरवर ठेवून अर्जावर सही करायची, हे पडद्यावर झळकण्यापेक्षा सोपे नव्हते.

डाइक टीव्हीने कॅमेरा आणि संकलन शिकवणारी शिबिरेही घेतली. तोवर चित्र पालटत होते. १९९७ मध्ये ‘एलेन’ मालिकेच्या नायिकेने आपण समलिंगी असल्याचे सांगितले. २००४ मध्ये शोटाइम या सशुल्क वाहिनीवर ‘द एल वर्ड’ आली. तिच्यातल्या लॉस एंजेलिसच्या नटव्या मैत्रिणी आणि डाइक टीव्हीवरचे मोर्चे यांचे फारसे नाते नव्हते. तपभर चालून डाइक टीव्ही थांबला.