टांगा कोण हाकणार? डहाणू-तलासरीचा इतिहास आणि विद्यापीठातला संशोधन-साहाय्याचा प्रश्न

१९२९ सालची गोष्ट. मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिम जमातींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते. त्याच कामासाठी ते खानदेशात गेले आणि परतताना चाळीसगावला उतरले. स्टेशनवरच्या टांगेवाल्यांनी अस्पृश्याचा टांगा हाकायला नकार दिला. पाहुण्याने महारवाड्यापर्यंत पायी चालत जावे, हे तिथल्या आपल्या माणसांना पटेना. मग टांगा भाड्याने घेतला आणि ज्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता अशा आपल्यातल्याच एकाने लगाम हाती धरला. पुलावर टांगा कठड्याला धडकला. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले. घोडा टांग्यासकट नदीत पडला.

ही घटना आपण अस्पृश्यतेचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण मित्रांनो, ती आणखी एक गोष्ट सांगते. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला, सरकारने अधिकृतपणे नेमलेला अभ्यासक चौकशीला निघतो, तेव्हा त्याच्याकडे बुद्धी असते, अधिकारपत्र असते, पण टांगा हाकणारा नसतो. ब्राह्मण किंवा इंग्रज सदस्याला हा प्रश्न कधी पडला नसता. त्याच्यासाठी टांगेवाला, शिरस्तेदार, कारकून, दुभाषा, डाकबंगला हे सगळे आधीपासून हजर होते. इतके हजर की ते त्याच्या नजरेलाही येत नव्हते.

आज विद्यापीठांत ज्याला 'संशोधन-साहाय्य' म्हणतात ते नेमके हेच आहे. हाताशी असलेला ग्रंथपाल, दप्तर शोधून देणारा माणूस, आकडेवारी तपासणारा, भाषांतर करणारा, अनुदानाचे अर्ज भरायला शिकवणारा, क्षेत्रकामाला गाडी आणि मुक्काम मिळवून देणारा. ज्याच्या घरात तीन पिढ्या प्राध्यापक आहेत त्याला हा गट घरीच मिळतो. काका, मावशी, वडिलांचे मित्र हाच त्याचा संशोधन-साहाय्य विभाग. ज्याचा बाप वीटभट्टीवर आणि आई भातलावणीला, त्याला तो विद्यापीठानेच उभा करून द्यायला हवा. तो न देता "तुमची मुले संशोधनात मागे का?" असे विचारणे म्हणजे टांगा न देता "उशीर का झाला?" असे विचारणे होय.

शंभर वर्षे अभ्यासले गेलेले लोक

डहाणू आणि तलासरी या भागावर संशोधन झाले नाही असे कुणी म्हणू नये. भरपूर झाले. प्रश्न आहे तो कुणी केले, कुणाच्या मदतीने केले आणि नाव कुणाचे राहिले हा.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन या आय.सी.एस. अधिकाऱ्याला आदिवासी भागाची चौकशी करायला नेमले. १९३९ च्या त्याच्या अहवालात वेठबिगार आणि जमीनदार-सावकारांचा जुलूम सरकारी भाषेत नोंदला गेला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनीही सावकाराकडे राबत राहायचे, ही लग्नगड्याची पद्धतही सरकारला तेव्हा माहीत झाली. म्हणजे १९३९ मध्ये शासनाकडे माहिती होती. वेठ बंद झाली का? नाही. अहवाल दप्तरात गेला आणि वारली माणूस जमीनदाराच्या गवतावर राबत राहिला. ज्या संशोधनावर ज्याच्याबद्दल ते आहे त्याचा ताबा नसतो, ते संशोधन मालकाच्या कपाटात पडून राहते.

वेठ मोडली ती संघटनेने. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले. तिथे या भागातले वारली पोचले. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असे ठरले. पुढे गवतकापणीच्या मजुरीचा लढा उभा राहिला. मागणी होती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्यांचे चार साथी हुतात्मा झाले.

हा इतिहास आपल्याला कुठून कळतो? प्रामुख्याने गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकातून. ते १९७० साली आले आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. गोदावरीबाई वारल्यांसोबत राहिल्या, तुरुंगात गेल्या, लोकांनी त्यांना गोदाराणी म्हटले. त्यांच्या निष्ठेवर बोट ठेवण्याचा प्रश्नच नाही. पण उठाव ते पुस्तक यात पंचवीस वर्षे गेली आणि लिहिणारा हात पुण्यातल्या सुशिक्षित घरातला होता. झरीच्या सभेला बसलेल्या वारली बाईने तो दिवस कसा पाहिला, हे तिच्या शब्दांत कुणी लिहून ठेवले? ती पिढी आता जवळजवळ संपली आहे. विद्यापीठाचा एखादा गट सत्तरच्या दशकात टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव फिरला असता तर?

चित्रांचे तेच. लग्नाचा चौक लिहिण्याचे काम परंपरेने बायकांचे. सत्तरच्या दशकात कागद आणि रंग गावात आले, दिल्ली-मुंबईच्या बाजारात वारली चित्रे गेली. गंजाडचे जिव्या सोमा म्हशे जगभर पोचले, २०११ मध्ये पद्मश्री झाले. त्यांचा अभिमान आहेच. पण भिंतीवर चौक लिहिणाऱ्या बायका बहुतेक संग्रहांत बिननावाच्या राहिल्या. संशोधनाच्या भाषेत त्या 'माहितीदाता' झाल्या, लेखिका झाल्या नाहीत.

मे १९४५ : एक अवघड पान

आता आपल्याच घरातल्या एका गोष्टीकडे येऊ. ६ मे १९४५ रोजी मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी जातीय प्रश्नाच्या सोडवणुकीची आपली योजना मांडली. त्यात आदिम जमातींना प्रतिनिधित्वाच्या वाटणीत स्थान नव्हते. राजकीय संधी वापरण्याची जाणीव त्यांच्यात अजून आलेली नाही आणि ते दुसऱ्या कुणाच्या हातचे साधन होतील, असे त्यांचे मत होते. आणि बरोबर सतरा दिवसांनी झरीला वारल्यांनी वेठ नाकारली!

हे पान आपले विरोधक आपल्या तोंडावर फेकतात. आदिवासी मित्रही विचारतात. उत्तर द्यायला आपण कचरतो. कचरायचे कारण नाही. भक्तिभावाने राजकारण करू नका, हे बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले. माझे म्हणणे असे : १९४५ मध्ये आदिवासींबद्दल जे ज्ञान छापील स्वरूपात उपलब्ध होते ते जनगणनेच्या अधिकाऱ्यांचे, कलेक्टरांचे आणि समाजसेवकांचे होते. या सगळ्यांच्या लेखी आदिवासी म्हणजे भोळा, अजाण, सांभाळायचा माणूस. झरीच्या माणसाचे स्वतःचे म्हणणे मुंबईच्या कुठल्याही ग्रंथालयात नव्हते. देशातल्या सर्वात मोठ्या वाचकालाही जे लिहिलेच गेले नाही ते वाचता आले नाही. याने ते मत बरोबर ठरत नाही. पण ज्याचे संशोधन दुसरा करतो त्याच्याबद्दल त्याच्या मित्राचाही अंदाज चुकतो, एवढे मात्र सिद्ध होते. पुढे पाचवी अनुसूची संविधानात आली आणि डहाणू-तलासरी आज अनुसूचित क्षेत्र आहे, हेही त्याच इतिहासाचे पुढचे पान आहे.

अडचणी नेमक्या कुठल्या?

आज तलासरीत कॉम्रेड गोदावरी परुळेकरांच्या नावाचे महाविद्यालय आहे. पालघर जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. आदिवासी आणि बौद्ध घरांतली पहिली पिढी एम.ए. करून पीएच.डी.च्या दाराशी उभी आहे. या मुलांसाठी संशोधन-साहाय्य गट उभा करायचा म्हटले तर काय आडवे येते?

पहिली अडचण दप्तराची. तलासरीच्या गावांचा १९६० पूर्वीचा इतिहास शोधणारा विद्यार्थी 'तलासरी तालुका' शोधत बसला तर हाती काही लागणार नाही. तेव्हा ही गावे उंबरगाव तालुक्यात होती. १९६० मध्ये उंबरगाव गुजरातला गेले आणि ही गावे महाराष्ट्रात राहिली. जिल्हा २०१४ पर्यंत ठाणे. म्हणजे एकाच गावाची कागदपत्रे दोन राज्यांत आणि दोन जिल्ह्यांत विखुरलेली, कुठे इंग्रजीत, कुठे गुजरातीत, कुठे मोडीत. हे सांगणारा एक जाणकार माणूस असेल तर एका दुपारचे काम. नसेल तर शिष्यवृत्तीचे एक वर्ष वाया.

दुसरी भाषेची. मुलगी घरी वारली बोलते, शाळेत मराठी शिकली, प्रबंधाचे संदर्भ इंग्रजीत. तिन्हींमध्ये ये-जा करणारा भाषांतरकार हा संशोधनाचा पाया आहे. पण विद्यापीठाच्या आकृतिबंधात हे पदच नसते. आजीची मुलाखत ती वारलीत घेते, मराठीत उतरवते, इंग्रजीत मांडते. हे तिप्पट श्रम कुणी मोजत नाही.

तिसरी, आणि माझ्या मते सर्वात मोठी, नेमणुकीची. असे गट बहुतेक वेळा प्रकल्पाच्या पैशावर, अकरा महिन्यांच्या करारावर उभे राहतात. कायम पद नाही म्हणून बिंदुनामावली नाही. बिंदुनामावली नाही म्हणून आरक्षण नाही. मग प्रकल्पप्रमुख एका समाजाचा आणि गावोगाव फिरून प्रश्नावल्या भरणारी पोरे आपली. प्रकल्प संपला की गट संपतो, पोरे घरी, माहिती प्रमुखाच्या संगणकात. पुढचा प्रकल्प पुन्हा शून्यापासून. जुन्या वेठीचे हे सुशिक्षित रूप नाही तर काय?

चौथी अंतराची आणि पोटाची. तलासरीला रेल्वे स्थानक नाही. डहाणूपर्यंत लोकल २०१३ पासून येते, पण पहाटे निघून कलिन्याच्या ग्रंथालयात दोन तास बसून परतायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते. अधिछात्रवृत्ती वेळेवर हाती पडत नाही म्हणून संशोधक विद्यार्थ्यांनी आझाद मैदानात बसायचे, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. साहाय्य केंद्र राजधानीत आणि गरजू गावात, ही रचनाच उलटी आहे.

यावर ठरलेला युक्तिवाद येतो : "हुशार असेल तो मार्ग काढेलच, बाबासाहेबांनी नाही का काढला?" बाबासाहेबांच्या कोलंबियामागे सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती. शेवटच्या वर्षांतल्या लेखनामागे सरकारी नोकरी सांभाळून रात्री-रात्री टंकलेखन करणारे नानकचंद रत्तू होते. आणि त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर पेट्यांमध्ये बंद पडलेली हस्तलिखिते वाचकांपर्यंत कशी आली? १९७६ मध्ये राज्य सरकारने चरित्र साधने प्रकाशन समिती नेमली, वसंत मून यांनी कागद न् कागद लावला आणि १९७९ मध्ये पहिला खंड निघाला. एक समर्पित माणूस, त्याला थोडे बळ, आणि जगाला आंबेडकर वाचायला मिळाले. तेच बळ आटले तेव्हा काय झाले? खंडांची छपाई रखडली आणि डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला वर्तमानपत्रातल्या बातमीची स्वतःहून दखल घ्यावी लागली. बाबासाहेबांच्या ग्रंथांची ही गत, तर वारली आजीच्या आठवणींचे काय?

हा प्रश्न पदव्यांचा नाही

कुणाला वाटेल, जमीन आणि पोटाचे प्रश्न सोडून संशोधनाचे काय घेऊन बसलात? तर वाढवण पाहा. डहाणू तालुका १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. तरीही जानेवारी २०२४ मध्ये वाढवण बंदराची जनसुनावणी झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी. पर्यावरण परिणामाचा मूळ अहवाल इंग्रजीत, लोकभाषेत सक्ती फक्त सारांशाची. मच्छीमार आणि आदिवासी सभेत जीव तोडून बोलले. पण समोरच्या टेबलावर तज्ज्ञ संस्थांचे आकडे होते आणि आपल्याकडे अनुभव. कागदावर आकडा जिंकतो. आपली पोरे तो अहवाल ओळीने वाचून, आपल्या खाडीचे आणि शेताचे आकडे स्वतः गोळा करून उभी राहिली तर सुनावणीचे स्वरूप बदलते. म्हणून हा सत्तेचा प्रश्न आहे.

मागण्या साध्या आहेत. संशोधन-साहाय्याची पदे कायम आणि आरक्षणासह भरा. डहाणू-तलासरीच्या महाविद्यालयांतच केंद्र उघडा, ज्यात एक ग्रंथपाल, एक दप्तर जाणणारा आणि एक वारली-मराठी भाषांतरकार असेल. गावात संशोधन करायचे तर आधी ग्रामसभेला विचारा आणि झालेले काम मराठीत गावाला परत द्या. माहिती देणाऱ्याचे आणि गोळा करणाऱ्याचे नाव, त्यांची संमती घेऊन, छापा.

आणि सरकार करेल तेव्हा करेल. तोवर आपल्या विहारांत, वाचनालयांत एक टेबल तरी मांडू. ज्याने प्रबंध पूर्ण केला त्याने पुढच्या दोघांना हात द्यावा. मोबाइल सगळ्यांकडे आहे, या पावसाळ्यात आपापल्या गावातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाचे बोलणे तरी नोंदवून ठेवू.

चाळीसगावच्या त्या अनामिक भावाने टांगा हाकला, कारण दुसरा कुणी हाकायला तयार नव्हता. त्याला शिकवले असते तर तो टांगा पडला नसता. आता पोरांना टांगा शिकवण्याची जबाबदारी आपली आहे.

जय भीम! जय आदिवासी!