साडेपांच मिनिटांची भेट

परगांवीं दोन दिवसांसाठीं जावयाचें झालें तरी आपल्या घरांत आठवडाभर आधीं चर्चा सुरू होते. गाडी केव्हांची, उतरावयाचें कोठें, पाण्याची सोय काय, बरोबर काय काय घ्यावें. आणि मुख्य म्हणजे ज्या कामासाठीं जावयाचें तें होईल कीं नाहीं. हेच प्रश्न, पण फार मोठ्या प्रमाणावर, १८८३ सालीं कांहीं ज्योतिर्विदांपुढें उभे राहिले होते. त्यांना जावयाचें होतें पॅसिफिक महासागराच्या मध्यावरील एका निर्जनप्राय बेटावर. आणि तेथील त्यांचें काम होतें अवघें साडेपांच मिनिटांचें. त्या भेटीची हकीकत आज आपणांस सांगावी असा विचार आहे.

त्या वर्षीं मे महिन्याच्या ६ तारखेस खग्रास सूर्यग्रहण होतें. अशा ग्रहणांत चंद्राची गडद छाया एका अरुंद पट्ट्यानें पृथ्वीवरून धांवत जाते, व त्या पट्ट्यांत जो उभा असेल त्यालाच सूर्य पूर्णपणें झांकलेला दिसतो. हें ग्रहण चांगलें दीर्घ मुदतीचें होतें. परंतु अडचण अशी कीं, छायेचा मार्ग जवळजवळ सगळाच समुद्रावरून जात होता. डोलणाऱ्या जहाजावर दुर्बीण स्थिर राहत नाहीं. पायांखालीं भूमि हवी. नकाशावर शोध घेतां त्या पट्ट्यांत जे थोडे ठिपके हातीं लागले, त्यांतील एक म्हणजे कॅरोलाइन बेट. पश्चिम पॅसिफिकमध्यें कॅरोलाइन याच नांवाचा मोठा द्वीपसमूह आहे, तो हा नव्हे. हें एकटें बेट ताहितीच्या उत्तरेस सुमारें पांचशें मैलांवर, दहा अंश दक्षिण अक्षांशाजवळ आहे.

कॅरोलाइन हें कंकणद्वीप होय. आपल्या लक्षद्वीपांतील बेटें ज्या जातीचीं, त्याच जातीचें. मध्यें उथळ खाऱ्या पाण्याचें खाजण, त्याभोंवतीं प्रवाळाच्या खडकाचें कडें, आणि त्या कड्यावर तुटक्या माळेच्या मण्यांसारखीं चाळिसाच्या आसपास चिमुकलीं बेटें. सगळ्या कंकणाची लांबी सहा मैल, रुंदी दीड मैलाच्या आंत, आणि सर्वांत उंच जागा समुद्रापासून वीस फुटांच्या जवळपास. अशीं बेटें कशीं बनतात याचा उलगडा चार्ल्स डार्विननें १८४२ सालच्या आपल्या ग्रंथांत केला. ज्वालामुखीचा डोंगर समुद्रांत हळूहळू खचत जातो. त्याच्या कडेनें वाढणारें प्रवाळ मात्र उजेडासाठीं वर वर चढत राहतें. अखेर डोंगर बुडतो व त्याच्याभोंवतालचें कडें तेवढें उरतें. १९५२ सालीं एनेवेटॉक या दुसऱ्या कंकणद्वीपावर खोल छिद्र पाडलें, तेव्हां चार हजार फुटांहून अधिक जाडीच्या प्रवाळाखालीं ज्वालामुखीचा खडक लागला, आणि डार्विनचें अनुमान खरें ठरलें.

प्रवाशाच्या दृष्टीनें याचा अर्थ काय, तें पाहा. कड्याबाहेर समुद्र एकाएकीं खोल होतो. म्हणून मोठ्या जहाजास नांगर टाकण्यास जागा नाहीं. बंदर नाहीं, धक्का नाहीं. सामान होड्यांत उतरवावयाचें, लाटा सांभाळीत कड्याशीं आणावयाचें, आणि तेथून माणसांनीं उचलून किनाऱ्यावर न्यावयाचें. त्यांत कांचेचीं भिंगें आणि नाजूक यंत्रें. बेटावर नदी नाहीं, ओढा नाहीं. जमिनींत मुरलेलें पावसाचें पाणी तेवढें विहिरींतून मिळावयाचें. वस्ती मूठभर माणसांची. यंत्राचा एक लहानसा स्क्रू हरवला, तर दुसरा मिळण्याचें ठिकाण शेंकडों कोस दूर. सारांश, जें लागेल तें सर्व आधीं आठवून बरोबर घेतलें पाहिजे; विसरलेल्या वस्तूला तेथें उपाय नव्हता.

अमेरिकेंतून जी मंडळी निघाली, तिचे नायक एडवर्ड होल्डन हे होते. विस्कॉन्सिन संस्थानांतील वॉशबर्न वेधशाळेचे ते संचालक. त्यांच्याबरोबर वर्णपटाचे अभ्यासक होते, हवामानाचे जाणकार होते, आणि छायाचित्रें घेण्यासाठीं इंग्लंडहून आलेले दोघे जण होते. न्यूयॉर्कहून बोटीनें पनामाच्या संयोगभूमीपर्यंत यावयाचें. कालवा १९१४ सालीं सुरू झाला, म्हणून त्या काळीं ती भूमि आगगाडीनें ओलांडावयाची. तेथून दुसऱ्या बोटीनें पेरू देशाच्या कॅलाओ बंदरीं जावयाचें. आणि तेथून आरमाराच्या ‘हार्टफर्ड’ जहाजानें अथांग समुद्र कापीत पश्चिमेकडे. हें जहाज अमेरिकेंतील यादवी युद्धांत सेनानी फॅरागट यांचें निशाणाचें जहाज होतें. तोफांसाठीं बांधलेल्या त्या जहाजावर आतां दुर्बिणींच्या पेट्या चढल्या. २० एप्रिल रोजीं मंडळी बेटावर पोंचली. दोन दिवसांनीं फ्रेंच मंडळीही दाखल झाली. तिचे प्रमुख ज्यूल जान्सेन. त्यांच्याबरोबर ऑस्ट्रियाचे योहान पालिसा व इटलीचे ताकिनी हे होते. ग्रहणास आतां अवघा पंधरवडा राहिला होता, आणि दुर्बिणी बसवणें, ताऱ्यांवरून बेटाचें स्थान व अचूक वेळ ठरवणें हीं कामें व्हावयाचीं होतीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. साडेपांच मिनिटांत सर्वांनीं सर्व पाहावयाचें ठरवलें तर कोणालाच कांहीं नीट दिसत नाहीं. म्हणून अशा मोहिमेंत कामाची वांटणी कडक असते. एकानें केवळ वर्णपट पाहावा, एकानें छायाचित्राच्या कांचा बदलाव्या, एकानें सेकंद मोजावे. होल्डन व पालिसा या दोघांच्या वांट्यास जें काम आलें, तें मला सर्वांत कठीण वाटतें. सूर्याभोंवतीं प्रभामंडळ फुललेलें असतां त्यांनीं त्याकडे पाहत बसावयाचें नाहीं. आजूबाजूच्या आकाशांत एक नवा ग्रह आहे कीं नाहीं, एवढेंच शोधावयाचें.

या ग्रहाची कथा अशी. बुधाची कक्षा गणिताप्रमाणें जेवढी सरकावी त्याहून थोडी अधिक सरकते, असें फ्रेंच गणिती लव्हेरिए यांनीं १८५९ सालीं दाखवलें. हा फरक शतकास सुमारें ४३ विकला, म्हणजे अतिशय सूक्ष्म आहे. लव्हेरिए यांच्याच गणितावरून १८४६ सालीं नेपच्यून सांपडला होता. तेव्हां बुधाच्याही आंत एखादा अज्ञात ग्रह असला पाहिजे, असें त्यांनीं म्हटलें व जगानें मानलें. त्याचें नांवही ठरून गेलें: व्हल्कन. १८७८ सालच्या ग्रहणांत जेम्स वॉटसन या नामांकित ज्योतिर्विदानें तो आपण पाहिल्याचें जाहीर केलें. पुढें हेच वॉटसन वॉशबर्न वेधशाळेचे पहिले संचालक झाले. दिवसा हा ग्रह दिसावा म्हणून त्यांनीं तेथें भुयारांत खास वेधशाळा बांधावयास घेतली. परंतु ती पुरी होण्यापूर्वीच १८८० सालीं ते वारले. त्यांच्या जागीं आले ते होल्डन. कॅरोलाइनवर दुर्बिणीला डोळा लावणारा मनुष्य ज्या खुर्चीवर बसत होता, ती व्हल्कन पाहिल्याचें सांगणाऱ्याची खुर्ची होती. ग्रह सांपडता तर कीर्ति मिळाली असती आणि पूर्वसूरींचा शब्दही राहिला असता. सांपडला नाहीं, तर तसें स्पष्ट सांगावें लागणार होतें.

६ मेचा दिवस उजाडला. मध्यान्हाच्या थोडें आधीं सूर्य झांकला गेला, आणि पाहणी करण्याइतकें आकाश मोकळें राहिलें. होल्डन यांनीं नेमून घेतलेला आकाशाचा भाग दुर्बिणीनें विंचरून काढला. पालिसा यांनीं आपल्या जागेवरून तेंच केलें. ओळखीचे तारे दिसले. व्हल्कन दिसला नाहीं. दोघांनींही तसेंच लिहिलें. तीन दिवसांनीं, ९ मे रोजीं, ‘हार्टफर्ड’नें बेट सोडलें.

‘एवढ्यासाठीं हजारों मैल गेले आणि रिकाम्या हातीं आले?’ असा प्रश्न माझ्या वर्गांतही मुलांनीं विचारलेला आहे. मी त्यांना सांगे कीं, हात रिकामे नव्हते. जी वस्तु नाहीं, ती नाहीं हें कळणें हेंही ज्ञानच. पुढें १९१५ सालीं आइन्स्टाइन यांनीं आपल्या गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धान्तानें त्या ४३ विकलांचा हिशेब बरोबर जुळवून दाखवला. त्याला कोणत्याही लपलेल्या ग्रहाची गरज नव्हती. होल्डन व पालिसा यांनीं मिरवण्यासाठीं एखादा संशयास्पद ठिपका ग्रह म्हणून पुढें केला असता, तर हा घोळ आणखी किती वर्षें चालला असता कोण जाणे! पालिसा यांनीं मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस एक लघुग्रह शोधला आणि त्या बेटाची आठवण म्हणून त्याचें नांव ‘कॅरोलिना’ ठेवलें.

जान्सेन यांच्याविषयीं दोन शब्द सांगितल्यावांचून राहवत नाहीं, कारण आपल्या देशाशीं त्यांचा जुना संबंध. १८६८ सालच्या ग्रहणांत गुंटूर येथें त्यांनीं सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. १८७० सालीं जर्मन सैन्यानें पॅरिसला वेढा घातलेला असतां हा पायानें अधू गृहस्थ विमानाच्या फुग्यांत बसून शहराबाहेर पडला व ग्रहणासाठीं अल्जीरियांत गेला; आणि तेथें ऐन वेळीं ढग आले! पुढच्या वर्षीं ते निलगिरींत आले व यशस्वी झाले. कॅरोलाइनवर उतरले तेव्हां त्यांचें वय एकोणसाठ होतें. ढगांनीं एकदां फसवलें म्हणून त्यांनीं पुढची तयारी कमी केली नाहीं.

हा संबंध महाराष्ट्रापर्यंतही येतो. २२ जानेवारी १८९८ चें खग्रास ग्रहण आपल्याकडे दिसलें. विजयदुर्गावर इंग्लंडचे लॉक्यर आले. सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनीं आपलीं यंत्रें उभारलीं, आणि तेथेंच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांनींही तळ दिला. हेच कॅम्बेल १९०८ सालच्या ग्रहणासाठीं आपली मंडळी घेऊन कॅरोलाइनच्या शेजारच्या फ्लिंट नांवाच्या प्रवाळबेटावर गेले. तेथील छायाचित्रांतही व्हल्कनचा मागमूस लागला नाहीं, आणि त्याचा शोध बहुतेक तेथेंच थांबला.

कॅरोलाइन आतां किरिबाटी या स्वतंत्र राष्ट्राचें आहे, व तेथें कोणी राहत नाहीं. १९९५ सालीं त्या राष्ट्रानें वाररेषा आपल्या पूर्वेकडे सरकवली. त्यामुळें २००० सालची पहिली पहांट जगांत ज्या भूमींवर सर्वांत आधीं झाली, त्यांपैकीं एक ही, आणि तिला ‘मिलेनियम’ हें नवें नांव मिळालें. आजच्या रेषेनें मोजलें तर होल्डन यांचें ग्रहण ६ मे रोजीं नव्हे, ७ मे रोजीं झालें! परंतु समुद्राची पातळी वाढत असतां वीस फुटांच्या त्या कंकणाचें पुढें काय, हा प्रश्न नांव बदलून सुटण्यासारखा नाहीं.

आपल्यापैकीं फार थोड्यांना त्या बेटावर जाण्याचा योग येईल. तथापि लहानशा कामासाठीं मोठी तयारी करण्याचा, आणि तें काम झाल्यावर जें दिसलें तेंच सांगण्याचा प्रसंग प्रत्येकाला घरबसल्या येतो. तशा वेळीं त्या साडेपांच मिनिटांची आठवण व्हावी, एवढीच इच्छा.