ब्राह्मीतील बिंदू आणि संगणकाची सफाई

इ.स. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांस ब्राह्मी लिपीची गुरुकिल्ली गवसली ती सांचीच्या लहान लहान दानलेखांत. कॅप्टन एडवर्ड स्मिथ यांनी पाठविलेल्या प्रतिकृती मांडून पाहताना बहुतेक लेखांच्या अखेरीस तीच दोन अक्षरे येतात हे त्यांच्या ध्यानी आले. तो शब्द होता 'दानं'. त्यातील अनुस्वार म्हणजे दगडावर कोरलेला एक ठिपका. तांदळाच्या कणीएवढा म्हणा.

पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचा अभ्यास पुढे कित्येक वर्षे अशाच हातनकलांवर चालला. ई. डब्ल्यू. वेस्ट यांनी कान्हेरीच्या लेखांच्या नकला १८६१ मध्ये मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. जेम्स बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा लेणी-लेखसंग्रह १८८१ चा. या ग्रंथांचे कागद आज पिवळे पडले आहेत, त्यांवर तपकिरी डाग उठले आहेत. म्हणून ग्रंथालये त्यांची पाने स्कॅन करतात आणि संगणकावर ती 'स्वच्छ' करतात. प्रस्तुत लेखाचा विषय ही स्वच्छता होय.

संगणकास डाग आणि अक्षर यांतील भेद कळत नाही. त्यास आकारमान तेवढे कळते. ठिपके काढण्याची आज्ञा दिली की ठराविक मापाहून लहान असे सर्व काही तो पुसतो. देवनागरीच्या मजकुरातही यामुळे अनर्थ होतो, परंतु वाचक संदर्भाने सावरून घेतो. ब्राह्मीत मात्र 'थ' म्हणजे मध्ये बिंदू असलेले वर्तुळ आणि 'ठ' म्हणजे रिकामे वर्तुळ. 'इ' तर नुसत्या तीन बिंदूंची! एका आज्ञेसरशी 'थ' चा 'ठ' होतो, 'इ' नाहीशी होते, 'दानं' चे 'दान' होते.

कोणी म्हणेल, जाणकारास चूक दिसेलच. तसे नाही. कार्ले येथील स्तंभांवर 'थभो दानं' असे लेख आहेत. तेथे 'थंभो' मधला अनुस्वार कोरणाऱ्यानेच गाळला आहे.  कारागीर स्वतः बिंदू गाळीत असल्यामुळे तो दोन हजार वर्षांपूर्वी सुटला की गेल्या आठवड्यात पुसला गेला, हे स्वच्छ केलेल्या चित्रावरून सांगता येत नाही. आणि हे लेख कोणाचे? कार्ल्याच्या द्वाराचे काम करणाऱ्या सामि नावाच्या सुताराचे, सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे, धेनुकाकटाच्या यवनांचे. या माणसांचा दुसरा इतिहास कोणी लिहून ठेवलेला नाही.

आमच्या टेबलावरही हे घडले. एका पाटीची शुभ्र झालेली प्रत पाहून आम्ही प्रथम संतोष पावलो. मूळ पानाशी ताडून पाहता अनेक बिंदू नाहीसे झाले होते. तेव्हापासून आम्ही पान थेट काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करीत नाही. ६०० डीपीआयवर रंगीत घेतो व मागच्या बाजूची छपाई उमटू नये म्हणून पानामागे काळा कागद ठेवतो. रंगीत प्रतीतील लाल वाहिनी वेगळी काढली की तपकिरी डाग आपोआप फिके पडतात आणि काळी शाई तशीच राहते. निम्मे काम येथेच होते. उरलेले डाग आम्ही हाताने, एकेक, लेखाचे वाचन समोर ठेवून पुसतो. येथेही एक धोका आहे: वाचनास अनुकूल तो बिंदू ठेवावा, प्रतिकूल तो डाग मानावा असा मोह होतो.

खरे पाहता मूळ हातनकलाही निर्दोष नव्हत्या. दगडातील खळगा कोणता आणि अनुस्वार कोणता, हा निर्णय नकलाकारानेही आपल्या नजरेनेच घेतला होता. ओला कागद दगडावर ठोकून शाईने घेतलेल्या ठशांत मानवी निर्णय कमी, म्हणून कनिंगहॅम यांच्या १८७७ च्या अशोकलेखसंग्रहानंतर हुल्ट्झ यांना १९२५ मध्ये तो नव्या ठशांच्या आधारे पुन्हा सिद्ध करावा लागला. संशय आला तर आम्हीही ठशाकडे जातो, आणि तेही न जमले तर लेण्याकडे. कार्ले मुंबई-पुण्याच्या वाटेवरच आहे.

पुसलेल्या प्रत्येक डागाची जागा आता एका वहीत नोंदविली जाते. अस्पर्श रंगीत प्रत आणि स्वच्छ प्रत या दोन्ही एकाच क्रमांकाखाली ठेवल्या आहेत; मागणाऱ्यास आम्ही पहिली आधी दाखवितो.