‘काजू उत्पादक’ म्हणजे नेमके कोण?

काजूचा हंगाम जवळ आला की ‘काजू उत्पादकांची सरकारकडे मागणी’ अशा आशयाची वृत्ते गोव्यात दरवर्षी प्रसिद्ध होतात. या मथळ्यांतील ‘उत्पादक’ हा शब्द मात्र फसवा आहे. सत्तरी किंवा सांगे तालुक्यातील डोंगरउतारावर बिया वेचणारा बागायतदार उत्पादक असतो. त्याच बिया भाजून, फोडून, गर डब्यात भरणारा कारखानदारही उत्पादक आणि बोंडूच्या रसापासून फेणी गाळणारा भट्टीवालाही उत्पादकच. तिघांचे झाड एक असले तरी सरकारकडे मागायचे ते एक नाही. काही वेळा ते थेट परस्परविरोधी असते. त्यामुळे संघटनांच्या निवेदनांचा अर्थ लावण्यापूर्वी, बोलणारा कोण आणि तो कोणत्या दारी उभा आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेले हे झाड आज राज्यात सुमारे ५५ हजार हेक्टर क्षेत्रावर आहे. लागवडीच्या क्षेत्राचा विचार करता गोव्यात त्याच्याइतके मोठे दुसरे पीक नाही. हंगाम मात्र साधारण फेब्रुवारी ते मे एवढाच, आणि वादाचे मूळ येथेच आहे. कारखान्याला यंत्रे व कामगार वर्षभर पोसावे लागतात. स्थानिक बियांवर ते शक्य होत नाही. म्हणून आयव्हरी कोस्ट, बेनिन, घाना, टांझानिया या आफ्रिकी देशांतून कच्च्या बिया आयात होतात. या आयातीवरील सीमाशुल्क कमी असावे, शक्यतो नसावेच, ही देशभरातील प्रक्रिया उद्योगाची जुनी मागणी. २०१८च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी हे शुल्क ५ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आणले, तेव्हा काजूप्रक्रिया उद्योगाला साहाय्य व्हावे असाच हेतू सांगितला गेला. बागायतदाराच्या दृष्टीने पाहिले तर हेच साहाय्य त्याच्या बीचा भाव दाबणारे. बाहेरचा माल स्वस्त झाला की गावच्या बीसाठी दोन पैसे जास्त मोजण्याचे व्यापाऱ्याला कारण उरत नाही.

सीमाशुल्क केंद्राच्या अखत्यारीत असल्याने राज्य सरकारच्या हाती या तिढ्यावर उपाय मर्यादित. आधारभूत दर हा त्यांपैकी प्रमुख. २०२३मध्ये गोवा सरकारने काजूबीचा हा दर किलोमागे १२५ रुपयांवरून १५० रुपये केला. बाजारभाव याहून खाली गेल्यास फरकाची रक्कम शेतकऱ्याला सरकारी तिजोरीतून मिळते. म्हणजे कारखान्याला बी स्वस्त मिळायची ती मिळतेच, शेतकऱ्याचा तोटाही काहीसा भरून निघतो, आणि दोघांमधील अंतर करदाता भरतो. ही योजना चुकीची म्हणता येणार नाही. परंतु ती केवळ शेतकऱ्याला दिलेली मदत आहे, असे मानणेही अपुरे आहे.

सोललेल्या गराच्या आयातीबाबत मात्र बागायतदार आणि कारखानदार एका बाजूला येतात. व्हिएतनामने काजूप्रक्रियेचे मोठ्या प्रमाणावर यांत्रिकीकरण करून गराच्या निर्यातीत भारताला मागे टाकले. तयार गर स्वस्तात येऊ लागला तर येथील कारखाना बंद पडतो, आणि कारखाना बंद पडला तर बी विकायची कोणाला, हा प्रश्न शेतकऱ्यापुढेही उभा राहतो. जून २०१९मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने गराची किमान आयात किंमत वाढवली : तुकडा काजूसाठी किलोमागे २८८ रुपयांवरून ६८० रुपये, अख्ख्या काजूसाठी ४०० रुपयांवरून ७२० रुपये. पुढच्याच महिन्यातील अर्थसंकल्पात गरावरील सीमाशुल्कही ४५ टक्क्यांवरून ७० टक्के करण्यात आले. उद्योगाच्या पाठपुराव्याला मिळालेले हे ठळक यश. त्याची किंमत मिठाईवाल्याने व गिऱ्हाइकाने चुकती केली हेही खरे. पण त्यांची संघटना या चर्चेत कुठेच नव्हती.

तिसरा प्रश्न नावाचा. पणजी, म्हापसा, कळंगुटच्या दुकानांत पर्यटकांना ‘गोव्याचा काजू’ म्हणून विकला जाणारा माल प्रत्यक्षात बाहेरचा असतो, अशी स्थानिक कारखानदार जाहीर तक्रार करत आले. भौगोलिक मानांकनाचा मार्ग त्यातून पुढे आला. १९९९चा भौगोलिक मानांकन कायदा सप्टेंबर २००३पासून अमलात आहे आणि त्याचे नोंदणी कार्यालय चेन्नईला आहे. या कायद्याचे एक वैशिष्ट्य असे, की एखादा कारखानदार स्वतःच्या नावावर मानांकन मागू शकत नाही. उत्पादकांच्या हिताचे प्रतिनिधित्व करणारी संघटना, संस्था किंवा प्राधिकरणच अर्ज करू शकते. संघटित होऊन बाजू मांडणे ही येथे नुसती सोय राहत नाही, कायद्याची अटच ठरते. गोव्यातील काजू कारखानदारांच्या संघटनेने असा अर्ज केला आणि २०२३मध्ये गोव्याच्या काजूला मानांकन मिळाले.

मात्र कायद्याची व्याख्या बारकाईने वाचण्यासारखी आहे. शेतमालाच्या बाबतीत त्याचा उगम त्या प्रदेशातील असावा लागतो. तयार वस्तूच्या बाबतीत उत्पादन, प्रक्रिया वा सिद्धता यांपैकी एखादी क्रिया त्या प्रदेशात झाली तरी व्याख्या पूर्ण होते. अशा वेळी आफ्रिकेतून आलेली आणि गोव्यात फोडलेली बी कोणती म्हणायची? याचे उत्तर नोंदणीच्या वेळी दिलेले वर्णन आणि त्यानंतरची तपासणी यांवर अवलंबून राहते. बी कोणत्या बागेतून आली याची नोंद काटेकोर ठेवली, तरच नावामुळे वाढलेल्या भावाचा वाटा बागायतदारापर्यंत पोहोचेल. संघटनेच्या सर्व मागण्यांत शेतकऱ्याच्या सर्वाधिक उपयोगाची ही एक, आणि आयात बियांवर चालणाऱ्या कारखान्यांना सर्वांत अडचणीची तीही हीच.

फेणीचा अनुभव या बाबतीत चौदा वर्षांनी जुना आहे. काजू फेणीला २००९मध्येच मानांकन लाभले. माडाची फेणी त्या नोंदणीत नाही. ही नोंदणी फेणी गाळणारे आणि ती बाटलीत भरणारे अशा दोघांच्या संयुक्त संघटनेच्या पुढाकाराने झाली. नावात दोघे एकत्र असले तरी दोघांच्या अडचणी एक नाहीत. गाळणाऱ्याला काजूबागांच्या वार्षिक लिलावाची, बोंडू वेचणाऱ्या मजुरांची आणि भट्टीच्या सरपणाची विवंचना. बाटलीबंद करणाऱ्याचे लक्ष राज्याबाहेरच्या बाजारावर. तेथे खरी अडचण होती ती वर्गीकरणाची. अबकारी दप्तरी फेणी ‘देशी दारू’ असल्याने परराज्यांतील चांगल्या दुकानांची आणि हॉटेलांची दारे तिला बंद राहत. उद्योगाने ही बाब वर्षानुवर्षे लावून धरल्यानंतर राज्य सरकारने २०१६मध्ये तिला ‘वारसा पेया’चा दर्जा दिला आणि २०२१मध्ये स्वतंत्र फेणी धोरण आखले.

तरीही गोव्याच्या कायद्याची सत्ता पत्रादेवी व पोळे येथील नाक्यांपाशी संपते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मद्याचे उत्पादन, विक्री व त्यावरील अबकारी कर हे राज्यसूचीतील विषय आहेत. महाराष्ट्राने किंवा कर्नाटकाने फेणीला कोणत्या रकान्यात बसवावे हे पणजीत ठरत नाही. त्यामुळे फेणीवाल्यांना प्रत्येक राज्याच्या अबकारी खात्याकडे वेगळी दाद मागावी लागते, आणि छोट्या संघटनेला ते परवडणारे नाही. राज्य सरकारने हा विषय शेजारी राज्यांकडे स्वतः नेणे त्याहून सोयीचे ठरेल.

काजूगराच्या मानांकनाचेही काम प्रमाणपत्राने पूर्ण होत नाही. नाव संघटनेच्या खाती नोंदले गेले, तरी ते वापरू इच्छिणाऱ्याने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदवहीच्या ‘ब’ भागात स्वतंत्र नोंद करावी लागते. शेजारच्या वेंगुर्ल्याच्या काजूलाही वेगळे मानांकन आहे, आणि तेथली बाग व पेडण्याची बाग यांच्यामध्ये फक्त तेरेखोल नदी आहे. हंगामात बी ज्या बाजूला भाव जास्त त्या बाजूला जाते. पोत्यातील बी पाहून ती कोणत्या काठावरची हे ओळखता येत नाही. त्यासाठी खरेदीच्या वेळीच बागायतदाराच्या नावाची पावती व्हावी लागेल.