वाहनपरवाना-प्रत्यर्पण, वृद्धांचे (जपान)

वार्धक्यात वाहन चालविणे सोडताना मुदत संपण्यापूर्वीच परवाना स्वेच्छेने सरकारजमा करण्याची जपानमधील पद्धती. ही तरतूद १९९८ मध्ये अंमलात आली; २००२ पासून परवाना परत करणाऱ्यास वाहनचालनाच्या पूर्ववृत्ताचा दाखला मिळू लागला, जो आता ओळखपत्र म्हणूनही चालतो. मोतीबिंदू व काचबिंदू (पहा : नेत्ररोग) यांनी क्षीण झालेली दृष्टी, मंदावलेली प्रतिक्रिया, स्मृतिभ्रंशाची चाहूल (पहा : स्मृतिभ्रंश) आणि बहुधा या सर्वांहून निकडीचा ठरणारा मुलाबाळांचा आग्रह, ही प्रत्यर्पणाची प्रमुख कारणे होत. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस नूतनीकरणसमयी २००९ पासून बोधक्षमतेची चाचणी, आणि ठराविक नियमभंग केलेल्यांस २०२२ पासून प्रत्यक्ष वाहनचालनाची परीक्षाही सक्तीची आहे. वैद्यकीय तपासणीत स्मृतिभ्रंश निश्चित झाल्यास परवाना रद्द वा निलंबित होतो, मात्र त्याची गणना प्रत्यर्पणात होत नाही. टोकिओतील इकेबुकुरो येथे २०१९ मध्ये ८७ वर्षांच्या चालकाच्या मोटारीखाली मायलेकी मृत्युमुखी पडल्या. या अपघातानंतर प्रत्यर्पणाचे प्रमाण वाढून त्या वर्षी सुमारे ६ लाख परवाने परत आले. जेथे बस व रेल्वे विरळ, त्या ग्रामीण भागात मोटार सोडणे म्हणजे बाजार व दवाखाना दुरावणे असल्याने अनेक स्थानिक संस्था प्रत्यर्पकांस बस-टॅक्सीभाड्यात सवलत देतात (पहा : सार्वजनिक वाहतूक).