फेणीचा वास: खोड की ओळख?

काजूच्या फेणीचा उग्र वास म्हणजे गावठी भट्टीचा दोष, हा समज अर्धाच खरा आहे. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून गोव्यात आणलेल्या काजूच्या बोंडांचा रस आंबवून गाळला की हुर्राक मिळतो आणि पुन्हा गाळल्यावर फेणी. फळाचा गंध या ऊर्ध्वपातनातही टिकतो. २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या फेणीची तीच ओळख आहे. व्हिनेगरसारखा दर्प मात्र रस फार आंबल्याची आणि करपट वास आच भडकल्याची खूण. मग बिनवासाची दारू निर्धोक, असे कुणी म्हणेल. पण मिथेनॉल नाकाला ओळखू येत नाही. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणीत त्यानेच शंभरावर बळी घेतले. वासावरून कसब पारखता येते, विष नाही. ते काम प्रयोगशाळेचे.