आन्दारे (इटालियन क्रियापद)

आन्दारे हे इटालियन भाषेतील 'जाणे' या अर्थाचे क्रियापद आहे. अत्यंत प्रचलित असूनही त्याच्या 'आन्द-' या अंगाची व्युत्पत्ती निर्विवादपणे ठरलेली नाही. रोमान्स भाषांच्या अभ्यासातील हा जुना वादविषय आहे.

रूपे

वर्तमानकाळातील ६ रूपे दोन भिन्न मुळांपासून झाली आहेत. वादो (मी जातो), वाई (तू जातोस), वा (तो जातो) आणि वान्नो (ते जातात) ही ४ रूपे लॅटिन 'वादेरे' या क्रियापदापासून आली आहेत. आन्द्यामो (आम्ही जातो) आणि आन्दाते (तुम्ही जाता) या २ रूपांत 'आन्द-' आढळते. आघात अंगावर असल्यास पहिले मूळ येते, प्रत्ययावर असल्यास दुसरे. अभिजात लॅटिनमध्ये 'जाणे' यासाठी 'ईरे' हे क्रियापद होते. त्याची अनेक रूपे फार आखूड असल्याने बोलभाषेत इतर क्रियापदांनी त्यांची जागा घेतली. असे मिश्रण मराठीतही आहे: 'जातो' हे संस्कृत 'या' धातूपासून, तर 'गेला' हे 'गम्' धातूच्या 'गत' या रूपापासून आले आहे.

व्युत्पत्तीविषयक मते

पहिल्या मतानुसार आन्दारेचे मूळ 'आम्बितारे' हे पुनर्रचित रूप होय. ते 'आम्बीरे' (भोवती फिरणे) या लॅटिन क्रियापदापासून साधले जाते. स्पॅनिश 'आन्दार' (चालणे) या शब्दाला ही व्युत्पत्ती चांगली लागू पडते. परंतु इटालियनमध्ये अशा ठिकाणी 'त' सहसा टिकतो. लॅटिन 'कोमितेम' (सोबती) या शब्दापासून स्पॅनिशमध्ये 'कोन्दे', तर इटालियनमध्ये 'कोन्ते' (सरदारपद) झाले. त्या नियमाने 'आन्तारे' असे रूप अपेक्षित होते.

दुसऱ्या मतानुसार मूळ शब्द लॅटिन 'आम्बुलारे' (चालणे) हा आहे. फ्रेंच 'आले' (जाणे) आणि रोमानियन 'उम्बला' (हिंडणे) यांचे मूळही तोच शब्द मानला जातो. अर्थ जुळत असला, तरी 'म्बुल'चे 'न्द' होणे नेहमीच्या ध्वनिनियमांत बसत नाही. या मताचे समर्थक सतत वापरातील, विशेषतः आज्ञार्थी, रूपांची अनियमित झीज हे त्याचे कारण सांगतात.

थोडक्यात, एका मताला ध्वनिनियमाची अडचण थोडी आहे, पण त्याचे मूळ रूप पुनर्रचित आहे. दुसऱ्याचे मूळ रूप प्रत्यक्ष प्रचारात होते, पण त्यात ध्वनिबदलाची अडचण मोठी आहे.

साधित शब्द

'आन्दाता' म्हणजे जाण्याची फेरी व 'आन्दामेन्तो' म्हणजे कल किंवा वाटचाल. पाश्चात्त्य संगीतात मध्यम लय दर्शवणारी 'आन्दान्ते' ही संज्ञा याच क्रियापदाचे वर्तमानकालवाचक धातुसाधित असून तिचा मूळ अर्थ 'चालणारा' असा आहे.